डब्यातल्या कागदाला लागलेली अठरा वर्षं

मागच्या अंकात झिंबाब्वेच्या डॉ. तेरेराई ट्रेंट यांच्यावर अर्ध्या पानाची चौकट छापली होती. बालपणीच लग्न झालेली मुलगी, चार स्वप्नं कागदावर लिहून डब्यात घालते, डबा जमिनीत पुरते आणि २००९ साली अमेरिकेतल्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवते, एवढीच ती हकीकत. तिच्यावर आलेल्या पत्रांनी या वेळचं सदर भरलं आहे. काही पत्रं एकमेकांसारखी होती, त्यातली निवडक घेतली.

प्रश्न : ताई, चौकट वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. माझंही लग्न शाळा संपायच्या आत झालं. मुलं आता मोठी झालीत. ही गोष्ट मी घरात वाचून दाखवली तर हे म्हणाले, "बघ, मनात असलं की माणूस काहीही करतं." त्यांचा हेतू वाईट नसेल, पण मला ते फार लागलं. माझ्या मनात नव्हतं का? माझी जिद्द कमी पडली का? – एक वाचक भगिनी

उत्तर : नाही, तुमची जिद्द कमी पडली नाही. तेरेराईंची सगळी हकीकत वाचली तर तीही तसं म्हणत नाही. अर्ध्या पानात बसवायची म्हणून चौकटीतून माणसं गळाली आणि नुसती जिद्द उरली. ती माणसं आज परत आणते. उत्तर लांबेल, पण ते तुमच्यासाठीच आहे.

तेरेराईंचा जन्म साधारण १९६५चा, हुरुंग्वे जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. देशाचं नाव तेव्हा ऱ्होडेशिया. त्याच वर्षी नोव्हेंबरात इयान स्मिथच्या गोऱ्या सरकारने ब्रिटनला न जुमानता परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं. गोऱ्या मुलांना शाळा सक्तीची होती. काळ्या मुलांसाठी तशी सक्ती नव्हती, शाळा अपुऱ्या होत्या, फी घरातून भरायची. ज्या घरात एकाच मुलाची फी परवडते तिथे कोण शाळेत जाणार हे ठरलेलं असे. इथे भाऊ गेला. भावाचं नाव तिनाशे. त्याच्या पुस्तकांवरून तेरेराई अक्षरं शिकल्या आणि मग त्याचा गृहपाठही करू लागल्या. तो इतका चांगला येऊ लागला की मास्तरांना शंका आली. खरं कळल्यावर ते मास्तर घरी आले आणि या मुलीला शाळेत पाठवा म्हणून त्यांनी वडिलांची विनवणी केली. त्या मास्तरांचं मला फार वाटतं. गृहपाठ दुसऱ्याने केला म्हणून छडी मारून त्यांना मोकळं होता आलं असतं.

शाळा जेमतेम काही महिने मिळाली. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास वडिलांनी लग्न लावून दिलं. नवरा मारायचा. अठराव्या वर्षी पदरात तीन मुलं होती. त्या देशातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. १९८० साली झिंबाब्वे स्वतंत्र झाला तरी काळी बाई कायद्याने कधी सज्ञान होतच नव्हती. लग्नाआधी बाप पालक, लग्नानंतर नवरा, मग वय चाळीस का असेना. १९८२च्या कायद्याने अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकीला सज्ञान ठरवलं. म्हणजे तेरेराई अठराव्या वर्षात येत होत्या त्याच सुमारास त्यांच्या देशातल्या बायका कायद्याच्या नजरेत माणूस म्हणून मोजल्या जाऊ लागल्या. घरात त्याने लगेच काही बदललं नाही. पण हा कायदा नसता तर पुढची बरीचशी वाट बंद राहिली असती असं मला वाटतं.

१९९१ साली त्या गावात हायफर इंटरनॅशनल या संस्थेच्या जो लक आल्या, पुढे त्या संस्थेच्या प्रमुख झाल्या. गरीब कुटुंबांना जनावरं द्यायची, ती सांभाळायला शिकवायचं आणि पहिलं वासरू किंवा करडू त्या कुटुंबाने दुसऱ्या गरजू घराला द्यायचं, असं त्या संस्थेचं काम. जो लक गावातल्या बायकांमध्ये जमिनीवर बसल्या आणि एकेकीला विचारू लागल्या, तुला काय व्हावंसं वाटतं? तेरेराई गप्प होत्या. जो लक यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा त्या बोलल्या : अमेरिकेत शिकायचंय, पदवी घ्यायचीय, मग पदव्युत्तर, मग डॉक्टरेट. ज्या बाईकडे शाळेचा दाखला नाही तिने हे बोलावं आणि ऐकणारीने हसू नये, ही त्या दिवसातली मोठी गोष्ट. घरी आल्यावर आईने सांगितलं, लिहून काढ. आणि आईनेच पाचवी ओळ घालायला लावली, की हे शिक्षण गावाच्या उपयोगी पडेल. कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात गेला, डबा दगडाखाली.

चौकटीत डब्यानंतर लगेच अमेरिका येते. मध्ये कित्येक वर्षं आहेत आणि माझ्या मते सगळ्यात कठीण काळ तोच. तेरेराई गावोगावच्या बायकांचे गट बांधायचं काम करू लागल्या आणि त्या पगारातून टपालाने शालेय अभ्यासक्रम करू लागल्या. नापास झाल्या. पुन्हा फी भरली, पुन्हा बसल्या. वर्गात शेजारी कुणी नाही, शंका विचारायला शिक्षक नाही, घरात पाच मुलं. या वर्षांचं कुणी चित्र काढत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही घडत नाही.

१९९८ साली ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात प्रवेश मिळाला. आता पैशांचं बघा. आदल्याच वर्षी, १४ नोव्हेंबर १९९७च्या शुक्रवारी, झिंबाब्वेचा डॉलर एका दिवसात कोसळला होता. अशा वेळी गावाकडच्या बचतीतून परदेशी चलन जमवणं किती अवघड, विचार करा. आईने गाय विकली. शेजाऱ्यांनी शेळ्या विकल्या. विमानाच्या तिकिटांना संस्थेने हातभार लावला. चार हजार अमेरिकी डॉलर मोज्यात गुंडाळून, तो मोजा कमरेला बांधून त्या निघाल्या. पाचही मुलं बरोबर. मुलींना मागे ठेवलं तर त्यांचीही लग्नं लावून टाकतील ही भीती होती. नवऱ्याने मुलांना जाऊ देण्यासाठी अट घातली की मीही येणार. तोही गेला.

पुढे हाल काही कमी नव्हते. मोडकळीला आलेल्या चाकांच्या घरात थंडीत कुडकुडणं, मुलं शाळेतून भुकेली येणं, कचऱ्याच्या पेटीतून अन्न काढणं, दिवसा वर्ग आणि मग दोन-तीन नोकऱ्या, घरी आल्यावर पुन्हा मार. फी थकली म्हणून विद्यापीठातून नाव कमी होण्याची वेळ आली. तिथे एक अधिकारी उभा राहिला. त्याने प्राध्यापकांना, गावातल्या लोकांना गोळा केलं, देणग्या जमवल्या. त्याच्या चर्चने अन्नाची सोय केली, घरं बांधून देणाऱ्या एका संस्थेने राहायला जागा दिली. एका मोठ्या दुकानात काम करणारा एक मित्र मुदत संपलेली फळं-भाज्या पेटीत फेकण्याऐवजी खोक्यात नीट भरून कचरापेटीशेजारी ठेवी आणि यांना निरोप देई. २००१ साली कृषी शिक्षणाची पदवी मिळाली, २००३ साली पदव्युत्तर.

हे सगळं तुमच्यासाठी एवढ्यासाठी लिहिलं की ‘मनात असलं की’ या तीन शब्दांत यातलं कुणीच येत नाही. तेरेराईंची जिद्द अस्सल होती, मी ती कणभर कमी लेखत नाही. टपालाच्या परीक्षेत नापास होऊन पुन्हा बसणं हे फक्त त्यांचंच. पण गाय आईची होती. शेळ्या शेजाऱ्यांच्या होत्या. ज्यांच्या घरात गाय विकणारं कुणी नव्हतं अशा किती मुली त्याच गावात, तितक्याच हुशार, राहिल्या असतील! त्यांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत.

तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत की अजून शिकायचं आहे. पण लिहिलंत तेवढ्यावरून मला वाटतं की आहे. तसं असेल तर यजमानांना हे उत्तर वाचून दाखवा आणि सरळ विचारा, संध्याकाळचे दोन तास घरातलं काम कोण बघेल? पुस्तकांचे आणि फीचे पैसे कुठून निघतील? त्यांचा हेतू वाईट नाही असं तुम्हीच म्हणता, मग ते उत्तर देतील.

प्रश्न : डॉक्टरेट कशात मिळाली ते चौकटीत नव्हतं. सगळे संघर्षाबद्दलच लिहितात, त्यांनी अभ्यास काय केला हे कुणी का सांगत नाही? – पीएच.डी. करणारी एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमचा राग अगदी रास्त आहे. मीही बरीच वर्षं संशोधन करणाऱ्यांना मार्गदर्शन केलं, आणि बाईच्या प्रबंधापेक्षा तिच्या घरच्या अडचणींचीच चर्चा जास्त होते हे मला कधीच सहन झालं नाही.

मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू या शहरात वेस्टर्न मिशिगन विद्यापीठ आहे. मूल्यमापनशास्त्रासाठी ते नावाजलेलं. एखादी योजना राबवली, पैसा खर्च झाला, अहवाल छापले गेले. पण ज्यांच्यासाठी ती होती त्यांच्या आयुष्यात काही बदललं का, हे पद्धतशीर तपासायचं ते शास्त्र. तेरेराईंचा प्रबंध आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या स्त्रिया आणि मुलींसाठी चालणाऱ्या एचआयव्ही-एड्स प्रतिबंधक कार्यक्रमांवर आहे. प्रबंध चालू असताना त्या हायफरमध्ये कार्यक्रमांचं मूल्यमापन करण्याचं कामही करत होत्या. ज्या संस्थेच्या बैठकीत गप्प बसल्या होत्या, तिचीच कामं तपासायला बसल्या.

या विषयाचं वजन समजायला त्या काळाची आठवण हवी. नव्वदीच्या शेवटी शेवटी झिंबाब्वेत दर चार प्रौढांमागे जवळपास एकाला एचआयव्हीची लागण होती. त्या सगळ्या प्रदेशात लागण झालेल्यांमध्ये निम्म्याहून जास्त स्त्रिया होत्या. प्रतिबंधाचा प्रचार मुख्यतः तीन गोष्टी सांगे : संयम, एकनिष्ठा, निरोध. आता बालवयात लग्न लावून दिलेल्या मुलीच्या बाजूने हे वाचा. संयम तिच्या हातात नाही. एकनिष्ठ ती आहेच, नवऱ्याचं काय? आणि निरोध वापर म्हणायची तिची छाती नाही. अशा मुलीपर्यंत कार्यक्रम पोचतो का, हा प्रश्न बाहेरचा अभ्यासकही विचारू शकतो. पण तशा लग्नात राहिलेली बाई तो विचारते तेव्हा उत्तरातली पळवाट तिला लगेच दिसते. त्यांच्या अनुभवाची किंमत मला इथे वाटते, आणि म्हणून प्रबंधाचा विषय चौकटीत यायला हवा होता.

प्रश्न : मारहाण करणाऱ्या नवऱ्याला अमेरिकेतून परत पाठवलं गेलं, आणि तो एड्सने आजारी होऊन आला तेव्हा तेरेराईंनी त्याला घरात घेऊन त्याची शेवटपर्यंत सेवा केली, असं मी इतरत्र वाचलं. हे आदर्श म्हणून मुलींना सांगावं का? मला तर भीती वाटते. – एक शिक्षक

उत्तर : सर, तुमची भीती बरोबर आहे. वाचलंत ते खरं आहे, पण त्यातला क्रम मुलींना नीट सांगा. आधी मारहाणीची तक्रार झाली, तो देशाबाहेर गेला, घर सुरक्षित झालं. अमेरिकेत १९९६च्या कायद्यापासून घरातल्या हिंसाचाराबद्दल दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला परत पाठवता येतं. सेवा त्यानंतरची. तो परत आला तेव्हा मारण्याइतकं बळ त्याच्यात उरलं नव्हतं आणि घर आता तेरेराईंचं होतं. दार उघडायचं की नाही हे त्यांनी ठरवलं. त्यांना दया आली आणि त्या दयेला मी नमस्कार करते.

पण मार खात राहणं आणि सेवा करत राहणं याला सहनशीलता म्हणून मुलींसमोर ठेवू नका. त्यांनी त्याला आत घेतलं नसतं तरी त्यांच्या डॉक्टरेटचं तेज कमी झालं नसतं. एखाद्या मुलीने वर्गात विचारलं की मी असं केलं नाही तर चालेल का, तर तिला ताबडतोब, सगळ्यांसमोर, चालेल म्हणून सांगा. पुढे त्यांनी ओक्लाहोमात भेटलेल्या एका वनस्पतीरोगतज्ज्ञाशी लग्न केलं, ट्रेंट हे आडनाव तिथलं. हेही मुलींना सांगायला विसरू नका.

प्रश्न : आफ्रिकेत यांच्या आधी डॉक्टरेट मिळवलेल्या स्त्रिया असतीलच ना? – एक महाविद्यालयीन वाचक

उत्तर : आहेत, आणि त्यातलं एक नाव तुम्ही ऐकलेलं असणार : केनियाच्या वांगारी मथाई. वृक्षलागवडीची ग्रीन बेल्ट चळवळ उभारणाऱ्या, २००४ साली शांततेचं नोबेल मिळालेल्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी पहिली स्त्रीही त्याच, हे मात्र मागे पडतं.

१९४०चा जन्म, न्येरीजवळचं इहिथे गाव. इथेही एक भाऊ आहे. वांगारी शाळेत का जात नाही, असं त्याने आईला विचारलं आणि आईने पाठवलं. १९६०मध्ये केनियातून सुमारे तीनशे विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकायला नेलं गेलं, त्यात त्या होत्या. कॅन्ससमध्ये पदवी, पिट्सबर्गमध्ये पदव्युत्तर. १९६६मध्ये नैरोबीला परतल्या, हातात प्राणीशास्त्र विभागातल्या नोकरीचं पत्र. हजर व्हायला गेल्या तर ती जागा दुसऱ्याला दिलेली. आपण बाई आहोत आणि वेगळ्या जमातीच्या आहोत म्हणून हे झालं असं त्यांचं ठाम मत होतं. जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठाचे एक प्राध्यापक तेव्हा नैरोबीत पशुवैद्यकाचा शरीररचना विभाग उभारत होते, त्यांनी नोकरी दिली आणि डॉक्टरेट करायला सुचवलं. गिसेन आणि म्युनिकमध्ये अभ्यास, मग परत नैरोबी, १९६९मध्ये लग्न, १९७०मध्ये पहिलं मूल, १९७१मध्ये डॉक्टरेट. विषय होता गाईबैलांच्या भ्रूणात प्रजनन ग्रंथी कशा घडत जातात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसायचं काम. आणि ज्या विद्यापीठात हे केलं तिथे विवाहित प्राध्यापिकांना घरभाडं भत्ता नव्हता, कारण घर नवऱ्याने द्यायचं. त्यासाठी त्या आणि त्यांची एक सहकारी भांडल्या. झाडांबद्दल त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. कुणीतरी या भांडणाबद्दल सविस्तर लिहावं असं मला फार वाटतं.

प्रश्न : पाचव्या ओळीचं, आईने लिहायला लावलेल्या त्या ओळीचं पुढे काय झालं? आणि झिंबाब्वेत बालविवाह थांबले का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, शाळा झाली. २०११ साली ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या कार्यक्रमात पंधरा लाख डॉलरची देणगी जाहीर केली आणि सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या सोबतीने तेरेराईंच्या गावाकडची मताऊ प्राथमिक शाळा नव्याने बांधली गेली. आसपासच्या इतर शाळांतही काम झालं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच समाधान देईल. झिंबाब्वेतल्या जुन्या कायद्यात मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी होऊ शकत होतं, मुलाला मात्र अठराची अट. रूविंबो त्सोपोद्झी आणि लवनेस मुद्झुरू या दोन तरुणी स्वतः बालवधू होत्या. त्या घटनात्मक न्यायालयात गेल्या आणि २० जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की अठराच्या आतलं कोणतंही लग्न, रूढीचं असो वा धर्माचं, चालणार नाही. २०२२च्या नव्या विवाह कायद्यातही अठराच वय आलं. खेड्यापाड्यांत अजूनही अशी लग्नं होतात, गरिबी आणि काही पंथांच्या चालीरीती यामुळे. फरक इतका पडला की आता एखादी मुलगी, एखादा मास्तर किंवा एखादा भाऊ नाही म्हणाला, तर कायदा त्याच्या बाजूने उभा आहे. तेरेराईंच्या मास्तरांकडे विनवणीशिवाय काही नव्हतं.